बरी झालीस की देवळ्याला जाऊ

माझ्या बायकोने मला एकोणीस आठवडे फसवलं, आणि आमच्या घरी येणाऱ्या तीन माणसांनी तिला साथ दिली. ती तीन माणसं म्हणजे एक डॉक्टरीण, एक नर्स आणि एक समुपदेशक. गंभीर आजाऱ्याची घरी येऊन काळजी घेणारी त्यांची टीम होती. त्यांनी तिचं दुखणं कमी केलं हे खरं आहे, आणि ते मी कुणापुढेही सांगेन. पण फसवलं हेही खरं आहे.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरचा. घोटीला भाताच्या गिरणीत पोती वाहायचो, तिथून दलालीत शिरलो, आणि आज आडगावच्या पुढे हायवेला माझं स्वतःचं यार्ड आहे. शिक्षण नाही, पाठीशी कोणी नाही. एकच विद्या आहे, समोरच्याचा चेहरा वाचायची. विकायला आलेला माणूस ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवून बोलतो का खिशात हात घालून बोलतो, एवढ्यावरून मी सांगतो की याला घाई आहे. माझ्यापासून गरज लपवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, असं मी लोकांना सांगत असे. आता सांगत नाही.

तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा उशीर झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. ऑपरेशन झेपणार नाही, बाकीच्या औषधांनी त्रासच वाढेल, म्हणाले. मग त्यांनी या टीमचा नंबर दिला. ती बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "आतड्याला सूज आहे. पोटात पाणी झालंय. सहा महिने औषध घ्यायचं."

"बरं," ती म्हणाली.

आमच्याकडे या आजाराचं नाव आजाऱ्यापुढे घेत नाहीत. माझ्या वडिलांना सांगितलं नव्हतं, चुलत्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं की माणूस खचतो, असं सगळे म्हणतात. मीही तेच मानत होतो. आणि सौदा हातातून जायला लागला की मी कधी तोंडावर दिसू देत नाही. ते इथेही उपयोगी पडेल असं वाटलं.

गणपती उठल्यावर ती तिघं पहिल्यांदा घरी आली. पंचवटीत माझं घर आहे, पुढे फाटक, फाटकापाशी कडुनिंब. मी त्यांना तिथेच अडवलं. तिघांच्या गळ्यात ओळखपत्रं होती आणि त्यावर आजाराचं नाव छापलेलं होतं.

"आधी ते काढा," मी म्हणालो. "खिशात ठेवा. आणि आजाराचं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही. पटत असेल तर आत या."

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने पट्टी गळ्यातून काढली, शांतपणे गुंडाळली. "काका, आम्ही आपणहून नाव काढणार नाही. पण मावशींनी सरळ विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

"ती नाही विचारायची."

"आणि विचारलं तर?"

"तीस वर्षांच्या संसारात तिने मला कुठे चाललात हे विचारलं नाही. तुम्हाला काय विचारणार आहे?"

समुपदेशक म्हणून जो गृहस्थ होता, चाळिशीतला, जाड भिंगांचा, तो हसून म्हणाला, "ठीक आहे, मग ठरलं."

मी मनात म्हणालो, स्वस्तात पटवलं.

आत गेल्यावर सिस्टरने तिला विचारलं, "मावशी, किती दुखतंय? काहीच नाही म्हणजे शून्य आणि सहनच होत नाही म्हणजे दहा. आत्ता किती?"

ती उशीला टेकून बसली होती. विचार करून म्हणाली, "आठ."

आता हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आठ? काल तर बसून भाकरी खाल्लीस. पाच धर."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं, सात."

"सहा," मी म्हणालो.

"सहा लिहा," ती सिस्टरला म्हणाली.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. सटाण्याकडची बाई, धिप्पाड, आवाज खणखणीत. "काका, तुम्ही जरा बाहेर बसा. हा भाव नाही. मला खरा आकडा पाहिजे."

माझ्याच घरात मला बाहेर काढलं. मी तापलो, पण डॉक्टरीण बघत होती म्हणून ओसरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने आतून बोलणं ऐकू आलं. दोघी अहिराणीत बोलत होत्या. बायको देवळ्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी सारखं शे शे यायचं, आणि मी चारचौघांत तिची नक्कल करून हसवायचो. वर्षभरात तिने ते सोडलं. तीस वर्षांनी ते बोलणं माझ्या घरात ऐकलं आणि मला बरं वाटलं. म्हटलं, माहेरचं माणूस भेटलं हिला. कांद्याची चाळ, सप्तशृंगीची यात्रा, कुणाच्या लेकीचं काय झालं, असलंच काही बोलत असतील. दार ढकलून ऐकावं असं वाटलंही नाही.

त्यानंतर दर मंगळवारी हेच झालं. आकड्याच्या वेळी मी बाहेर.

काळजी कशी घ्यायची हे त्यांनी मला शिकवलं, आणि मी शिकलो. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी, दुखायला लागायची वाट न बघता. मी आधी भांडलो. ही अफू आहे, सवय लागेल, अर्धी देतो म्हणालो. डॉक्टरीण म्हणाली, "काका, दुखणं डोक्यावर चढून बसलं की उतरवायला जास्त औषध लागतं. त्याला चढूच द्यायचं नाही." हे मला पटलं. त्या गोळीने शौचाला घट्ट होतं म्हणून रात्री पातळ औषध. तोंड कोरडं पडलं की ओल्या कापसाने ओठ पुसायचे. हवेची गादी फुगवायची, कूस बदलायची, पाठीला लालसर दिसतंय का बघायचं. पोटातलं पाणी वाढलं की टीमचे लोक घरी येऊन काढायचे, आणि त्या दिवशी ती दोन घास जास्त खायची. मी भिंतीवर कागद लावला होता, वेळ आणि गोळी. बायकोला सांगितलं होतं की या ताकदीच्या गोळ्या आहेत. यार्डात जाणं मी जवळपास बंद केलं.

"काका, तुम्हाला टीममध्येच घेतो आता," सिस्टर म्हणायची.

"पगार काय देता?"

"मावशींच्या हातचं लोणचं."

"ते तर मला तसंही मिळतंय. परवडत नाही."

बायको हसायची, उशीवर मान टाकून, डोळे मिटून. आकडा तीनवर आला होता. मला वाटलं मी जिंकतोय. खरंच वाटलं. मोठे डॉक्टर काय म्हणाले होते ते मला पाठ होतं, तरी वाटलं.

दिवाळी झाली आणि एक दिवस ती म्हणाली, "अहो, देवळ्याला जाऊन येऊ का?"

तिच्या भावाचा मळा आहे तिथे. मार्गशीर्षात उन्हाळ कांद्याची लागण सुरू होते. बायका वाफ्यात ओळीने वाकून बसतात, हातात रोपांच्या जुड्या, आणि बोलत बोलत मागे सरकत लावत जातात. लग्नाआधी ती त्या ओळीत असायची. लग्नानंतर दोनतीनदा गेली असेल, मला सवड नसायची.

"काय काम आहे तिथे?" मी विचारलं.

"काम काही नाही. बांधावर बसेन. लागण चाललेली बघेन."

"एवढ्या लांब? पोटाला धक्के बसतील. बरी झालीस की देवळ्याला जाऊ. आठ दिवस राहू."

यात माझा हिशेब होता. आजारी बाईला एवढ्या कष्टाने माहेरी नेऊन आणलं की ती समजणार. भाऊ गळ्यात पडून रडणार, भावजय रडणार, शेजारच्या बायका बघायला येणार. तिथे एका मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. मी इतके दिवस जे राखलं होतं ते त्या बांधावर गेलं असतं.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

त्या मंगळवारी समुपदेशक निघताना फाटकापाशी थांबला. चष्मा पुसत म्हणाला, "मावशींना देवळ्याला जायचंय म्हणत होत्या."

"तुम्हालाही सांगितलं का?"

"घेऊन जा ना काका. आत्ता जाता येईल. दोन तासांची वाट आहे. मागच्या सीटवर गादी टाकू, सिस्टर सोबत येतील, गोळ्या असतील. संध्याकाळी परत. आत्ता त्यांना झेपेल. पुढे सांगता येत नाही."

"पुढे सांगता येत नाही म्हणूनच नेता येत नाही," मी म्हणालो. "तिला संशय येईल."

तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, उत्तर सुचत नाहीये याला. त्याच्या तोंडात काय अडकलं होतं ते मला ओळखता आलं नाही. चेहरे वाचणारा मी.

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मीच विषय काढला, कारण गप्प झालेलं गिऱ्हाईक मला आवडत नाही. "देवळ्याचं मनात आहे का अजून?"

"राहू द्या," ती म्हणाली. "बरी झाल्यावर जाऊ."

माझंच वाक्य तिने मला परत दिलं आणि मला सुटल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी मी खुशीत होतो. तिला केळं कुस्करून भरवलं. तिनेही खाल्लं.

जानेवारीच्या शेवटी, सकाळी नऊच्या सुमाराला, ती गेली. तीन दिवस आधीपासून ती फारसं बोलत नव्हती. गोळी गिळता येईना म्हणून सिस्टरने कातडीखाली सुई लावून औषध सुरू करून दिलं होतं. श्वास वेगळा व्हायला लागला तेव्हा मी फोन केला. सिस्टर फोनवरून सांगत होती, काका, घाबरू नका, मान थोडी वळवा, ओठ ओले करा, हात धरा, बोलत राहा, ऐकू येतं त्यांना. मी हात धरला. काय बोलावं ते कळेना. शेवटी म्हणालो, "बरी होशील." हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर सिस्टर आणि समुपदेशक हवेची गादी न्यायला आले. मला बघायलाही आले असावेत, त्यांची तशी पद्धत आहे. मुलगी चहा करत होती. सिस्टर बायकोच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला बसली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "फार धीराच्या होत्या मावशी. पहिल्याच दिवशी विचारून टाकलं होतं त्यांनी."

"काय विचारलं होतं?"

समुपदेशकाने मान वर केली. सिस्टरला वाटलं असणार की ती गेली आणि आता सगळं मोकळं झालं, किंवा माझ्या मुलीने मला एव्हाना सांगितलं असेल.

"काका, तुम्हाला... मला वाटलं तुम्हाला आता माहीत असेल."

"काय विचारलं होतं?"

"तुम्ही बाहेर गेलात ना आकड्याच्या वेळी, तेव्हा. म्हणाल्या, माले खरं सांग, मी बरी व्हसू का? मी डॉक्टरांना जवळ बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं, बरं होणार नाही, पण दुखू देणार नाही. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, त्यासले सांगू नको."

मी उभा राहिलो. "मला सांगू नको?"

"हो. म्हणाल्या, ते रोज मला बरं करताहेत. ते काम काढून घेतलं तर दिवसभर काय करतील?"

"आणि तुम्ही तिघांनी ऐकलंत?"

"काका, तुम्हीपण फाटकात आम्हाला तेच सांगितलं होतं ना?"

"माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, माझ्या बायकोशी..." पुढे मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. सिस्टरला बोलू नये ते बोललो. गादी उचलून ओसरीवर फेकली. मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "पप्पा, मलाही आईनेच सांगितलं होतं. तुम्ही ओरडला असता, म्हणून..."

"म्हणजे मी सोडून सगळ्या गावाला!"

"तुम्ही सोडून," ती म्हणाली. घाबरली नाही, हे मला आता आठवतं.

ते गेले. दोन दिवसांनी मुलगीही पुण्याला तिच्या घरी गेली.

आता मी एकटा राहतो. यार्डात जातो, पण बोली लावताना मधेच थांबतो, कारण समोरचा खिशात हात घालून उभा असला तरी मला काही सांगता येत नाही. संध्याकाळी नाक्यावर भाजी घ्यायला जातो. मेथी विकणारी एक बाई आहे, ओझरकडून येते. तिच्याशी मी अर्धा अर्धा तास घासाघीस करतो. जुडी लहान आहे, पानं कोमेजलीत, कालची आहे. मला मेथी नीट करताही येत नाही. घरी नेतो आणि दोन दिवसांनी टाकून देतो. परवा ती म्हणाली, "बाबा, फुकट न्या एक दिवस, पण लवकर न्या. मागं गिऱ्हाईक उभं आहे." मी तिच्यावर तापलो. मग घरी आलो. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कुणी बोललं होतं.

समुपदेशक दर पंधरा दिवसांनी फोन करतो. सुरुवातीला मी उचलत नव्हतो. आता उचलतो, पण "ठीक आहे" एवढंच म्हणतो. तो म्हणतो, "केव्हाही बोलावंसं वाटलं तर." एकदा म्हणाला, ज्यांचं माणूस गेलंय असे काही जण महिन्यातून एकदा आमच्याकडे जमतात, या. मी गेलो नाही. सगळ्यांत मिळून रडायला मला जमत नाही. मला त्याच्याशी एकट्याशी बोलायचं आहे, आणि फोनवर ते तोंडातून निघत नाही, म्हणून इथे लिहितो.

मी खूप विचार केला. एकोणीस मंगळवार ती आणि सिस्टर दार लावून बोलल्या. तिने सिस्टरला सांगितलं असेल की भीती वाटते का, रात्री काय आठवतं, लेकीचं काय, कोणतं लुगडं नेसवायचं. मुलीने पुण्याला जाताना सांगितलं की लुगडं आईनेच काढून ठेवलं होतं, कपाटात खालच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून. हे सगळं तिने ज्या बोलीत सांगितलं ती बोली मी तिच्या तोंडून घालवली होती. हा दोष माझा. मान्य करतो. तिने मला का वगळलं हे मला कळतं. मी आकड्यावरही घासाघीस करणारा माणूस, माझ्यापुढे मरणाचं कोण बोलणार?

तिला मी जाब विचारू शकत नाही. ती फसवणूक तिने माझ्यासाठी केली, आणि मी केलेली तिच्यासाठी. दोघांनीही एकमेकांना उत्तम फसवलं.

पण तुम्ही, चष्मेवाले साहेब. तुम्ही शिकलेले. घरातल्या माणसांचं बोलणं जुळवून देणं हेच तुमचं काम, असं तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्या मंगळवारी तुम्ही फाटकापाशी उभे होता. मी म्हणालो, तिला संशय येईल. या घरात संशय उरलेला नाही हे तुम्हाला माहीत होतं. ती सगळं जाणून शेवटचं एकदा मळा बघायला मागत होती हे तुम्हाला माहीत होतं. मी ज्या कारणासाठी नाही म्हणत होतो ते कारणच खोटं आहे, हेही तुम्हाला माहीत होतं. कुणाचा शब्द न मोडता तुम्हाला एवढं तरी म्हणता आलं असतं, "काका, संशयाची काळजी करू नका." एवढ्यावर मी समजलो असतो. न समजता तुमच्यावर ओरडलो असतो, रागाने गाडी काढली असती आणि तिला नेलं असतं. मागच्या सीटवर गादी टाकून, चांदवड मागे टाकून, बांधावर चादर अंथरून बसवलं असतं. रडले असते तिथे सगळे. रडू दे की.

तिने शब्द घेतला होता म्हणू नका. मीही फाटकात अट घातली होती म्हणू नका. माझ्या धंद्यात कुठलीही अट मोडते. फक्त समोरच्याने एकदा म्हणावं लागतं की भाऊ, पुन्हा विचार कर. तुम्ही ते म्हणाला नाहीत. चष्मा पुसत उभे राहिलात.

का?

पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा तब्येत विचारू नका. याचं उत्तर घेऊन फोन करा. नाहीतर घरी या, फाटक उघडं ठेवतो, पण उत्तर दिल्याशिवाय मी तुम्हाला जाऊ देणार नाही.